झाडाखालच्या कोरड्या सावलीत जमीन झाकणारी झाडं: मे ते मे, एकेक टप्पा

"आंब्याखाली काहीच येत नाही" अशी तक्रार घेऊन माणसं नर्सरीत जातात आणि "सावलीतली झाडं द्या" म्हणतात. नर्सरीवाला सावलीतलीच देतो: फर्न, कोलियस, सिंगोनियम, पेपेरोमिया. जुलैत ती लागतात, ऑगस्टमध्ये त्यांचे फोटो निघतात आणि दिवाळीच्या साफसफाईत वाळलेली रोपं उपटली जातात. नर्सरीवाल्यानं फसवलेलं नसतं, आपण मागतानाच अर्धं सांगितलेलं असतं. सावलीत वाढणारी बहुतेक झाडं मूळची ओल्या जंगलातली आहेत. सावली त्यांना चालते, कोरडी माती चालत नाही. मीही एका पावसाळ्यात ६० फर्न लावून दिवाळीला ११ मोजलेले आहेत.

खालचा क्रम पुणे आणि देशावरच्या हवेसाठी आहे: चार महिने पाऊस, आठ महिने कोरडं. कोकणात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. झाडांची यादी पाचव्या टप्प्यात येते. आधीचे चार टप्पे सोडून थेट यादीवर उडी मारली की पुन्हा तीच दिवाळी.

## टप्पा १: जागा मे महिन्यात बघा

डिसेंबरात सावली असलेला कोपरा मेमध्ये सावलीत असेलच असं नाही. इमारतीच्या उत्तरेची पट्टी हिवाळाभर अंधारी असते, म्हणून तिथे नाजूक झाडं लावली जातात. मार्चअखेरनंतर सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो आणि मावळतो, त्यामुळे त्याच पट्टीवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊ लागतं. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन नेमकं त्या "सावलीच्या" पट्टीत पडतं.

मेमधला एक दिवस ठरवा. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच या वेळी जागेचे फोटो काढा. मग तीन गोष्टी लिहून ठेवा: थेट ऊन किती तास येतं, ते सकाळचं की दुपारचं आणि वरचं झाड बारमाही हिरवं आहे की पानगळीचं. आंब्याखाली वर्षभर सावली असते. वर्षावृक्ष किंवा गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी विरळ होतो आणि खालच्या रोपांना अचानक ऊन लागतं.

तपासणी: दुपारी बारा ते चारच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त थेट ऊन येत असेल, तर ती जागा या लेखातली नाही. तिथे उन्हातली झाडं लावा.

## टप्पा २: खुरपं घालून बघा, खाली काय आहे

वरून सगळी माती सारखीच दिसते. एक वीतभर खोल खड्डा घ्या. तीनपैकी एक गोष्ट निघेल.

इमारतीच्या भिंतीलगत बहुधा राडारोडा निघतो: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीचे काप, वर दोन इंच लाल मातीची मलमपट्टी. या जागेत पाणी टिकत नाही. वरचे सात-आठ इंच उपसून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे कष्टाचं काम आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही.

जुन्या बंगल्याच्या किंवा वाड्याच्या आवारात काळी माती निघते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात चिकट होते. ती वाईट नसते, पण पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. ज्या झाडांना कोरडेपणा आवडतो ती काळ्या मातीत ऑगस्टमध्ये कुजतात.

मोठ्या झाडाखाली तिसराच प्रकार असतो: राखाडी, भुसभुशीत, बोटातून पिठासारखी गळणारी माती आणि तिच्यात केसांसारख्या मुळांची जाळी. अशा मातीवर झारीनं पाणी घातलं तर थेंब पाऱ्यासारखे गोल होऊन उताराला पळतात. वरून ओलं दिसतं. दहा मिनिटांनी बोट घाला, अर्ध्या इंचाखाली धूळ असते. पूर्ण वाळलेली माती पाणी झिडकारते, वाळलेलं कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) तसंच करतं. अनेकांचं "रोज पाणी घालतो तरी मरतात" इथून सुरू होतं.

तपासणी: खड्ड्यात तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात नाहीसं झालं तर खाली राडारोडा किंवा मुरूम आहे. तीन-चार तासांनीही तसंच उभं असेल तर निचरा नाही, तिथे पुढे उंचवटा करूनच लावावं लागेल.

## टप्पा ३: वरच्या झाडाच्या मुळांशी जमवून घ्या

सगळ्यात महागडी चूक इथे होते. माळी बोलावून आंब्याखालचा अख्खा वाफा टिकावानं फूटभर खोदून घेतात. झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ती तुटली की आंबा पुढच्या मोसमात रुसतो आणि तुटलेल्या टोकांतून दुप्पट मुळं फुटून नव्या खतात घुसतात. म्हणजे खत आपण घालायचं, खायचं आंब्यानं, आणि उपाशी राहायचं खालच्या रोपांनी.

अख्खा वाफा खोदू नका. मुळांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधून तेवढेच खळगे करा. खुरप्याला अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं की थांबा आणि चार इंच बाजूला सरका. रांगा वाकड्या होतील, होऊ द्या. झाडं पसरल्यावर रांग कुणाला दिसत नाही.

दुसरी चूक म्हणजे माती चढवणं. "मुळं वर आली आहेत, दोन ट्रॉली माती टाकू" असं म्हणून खोडाभोवती पार बांधून भरतात. मुळांना हवा लागते. जाड भर पडली की ती गुदमरतात आणि खोडाची साल ओल्या मातीत कुजायला लागते. याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतो, तेव्हा मातीचा संशय कुणालाच येत नाही.

सावध: माती आणि खत सगळं मिळून भर दोन इंचांपेक्षा जास्त नको. खोडाभोवती फूट-दीड फुटाचं कडं पूर्ण मोकळं ठेवा: माती नाही, खत नाही, रोप नाही.

## टप्पा ४: पाण्याची वाट आधी ठरवा

झाडं आणण्याआधी पाण्याचा बंदोबस्त हवा. दाट आंब्याखाली हलक्या सरी जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, पानांवरच वाळून जातात. छज्ज्याखालच्या पट्टीत तर जुलैतही माती कोरडी असते. सगळ्यात ओली जागा पानांच्या घेराच्या कडेला असते, कारण तिथे छत्रीसारखं पाणी ठिबकतं. एका मोठ्या सरीनंतर बाहेर पडा आणि खोडाजवळ, मध्ये आणि कडेला अशा तीन ठिकाणी खुरपं घालून ओल किती खोल गेली ते बघा. या तीन आकड्यांवर तुमची निवड ठरणार आहे.

ठिबकची नळी टाकता आली तर उत्तम. नसेल तर पाइपचं तोंड जमिनीवर ठेवून बारीक धार सोडायची आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. पहिल्यांदा पीठासारखी माती भिजवताना एकदम पाणी ओतू नका. थोडं शिंपडा, अर्धा तास थांबा, मग पुन्हा घाला. तिसऱ्या खेपेला ती पाणी घ्यायला लागते.

मेअखेरीस, पावसाच्या आधी, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत वर पसरा, खोदून मिसळू नका. १० चौरस फुटांना तीन-चार घमेली टाकली की साधारण दोन इंच थर होतो आणि तिसऱ्या टप्प्यातली भरही यातच संपते. कच्चं शेण अजिबात नको. कोरड्या जागेत ते कुजत नाही, त्याला वाळवी लागते.

## टप्पा ५: आता झाडं निवडा

माझी कसोटी एकच आहे. रोप पिशवीतून काढून मुळं बघायची. स्पायडर प्लांट उपटला तर पांढऱ्या, करंगळीएवढ्या जाड, मुळ्यांच्या पिल्लांसारख्या गाठी दिसतात. ती त्याची पाण्याची टाकी. पाणी साठवायची जागा मुळात, कंदात किंवा जाड पानात कुठेतरी असेल तर ते रोप कोरड्या सावलीत उमेदवार ठरतं. मुळं नुसती केसांसारखी आणि पानं कागदासारखी पातळ असतील, तर कितीही "शेड लव्हिंग" म्हणोत, परत ठेवा.

अगदी कोरडी जागा (छज्ज्याखाली, भिंतीलगत, जिथे पाऊस येत नाही): बुटका स्नेक प्लांट. उंच जातीऐवजी वाटीसारखी, जेमतेम वीतभर वाढणारी जात घ्या, नर्सरीत तिला हाहनी म्हणतात. सोबत मागच्या रांगेत झीझी (झेडझेड प्लांट). पानफुटीही इथे निमूट वाढते, पण ती पानापानातून फुटत सगळीकडे जाते, आणि जनावरांनी खाल्ली तर विषारी आहे. गायी-शेळ्या फिरतात तिथे नको.

आंब्याखालचा मधला पट्टा (पावसाळ्यात ओला, नंतर कोरडा): इथे माझं पहिलं मत स्पायडर प्लांटला. हिरवा साधा प्रकार पांढऱ्या पट्ट्याच्या प्रकारापेक्षा दणकट असतो. दुसरा ऱ्हिओ, पानाच्या पोटाला जांभळा असतो तो, बुटक्या जातीचा. दाट सावलीत त्याचा जांभळेपणा फिका पडतो, तेवढं मान्य करायचं. त्याचा रस अंगाला लागून काहींना खाज सुटते, छाटताना हातमोजे घाला. तिसरा अॅस्परॅगस स्प्रेंगेरी, शतावरीचा भाऊबंद. त्याच्या मुळांना शतावरीसारख्याच गाठी असतात, म्हणून तो टिकतो. बारीक काटे असतात, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको. मोंडो ग्रास (नावात ग्रास असलं तरी ते खरं गवत नव्हे) सुंदर दिसतं आणि टिकतं, पण पसरायला दोन-तीन वर्षं घेतं, घाई असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पानांच्या घेराची कडा: इथे ओल बरी असते. फर्न लावायचाच असेल तर जमिनीत गाठी धरणारा नेफ्रोलेपिस इथे लावा, आठवड्याला पाणी देण्याची तयारी ठेवून. सकाळचं थोडं ऊन मिळत असेल तर अबोलीही इथे जमते.

एक प्रकार नर्सरीत कुणी सुचवत नाही, पण आपल्या हवेला तोच सगळ्यात शहाणा आहे: पावसाळ्यात उगवून कोरड्या दिवसांत जमिनीत झोपणारे कंद. भुईचाफा उन्हाळ्यात पानांशिवाय जमिनीतूनच फुलतो, पावसात पानं काढतो आणि मग गुडूप होतो. रानहळदही पावसातच वर येते. उन्हाळ्यात त्यांना पाणीच लागत नाही. तेव्हा जमीन उघडी पडते, म्हणून हे कंद एकटे न लावता स्पायडर प्लांटच्या मधे विखरून लावा. कंद जिथे पुरलेत तिथे खूण ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत खुरप्यानं तेच कापले जातात. रानहळद डोंगरावरून उपटून आणू नका, ज्याच्या बागेत आहे त्याच्याकडून फुटवा मागा.

काय लावू नये. लॉन: हरळी, कार्पेट, कुठलंही. गवताला ऊन लागतं. आंब्याखाली टाकलेली लॉनची चटई तीन महिन्यांत टक्कल पडते, हे मी किमान पाच सोसायट्यांमध्ये पाहिलं आहे आणि दर वर्षी पुन्हा तिचंच कोटेशन येतं. वेडेलिया: पिवळ्या फुलांची, झपाट्यानं पसरणारी. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. फुकट मिळाली तरी नको. मनी प्लांट आणि सिंगोनियम जमीन झाकतात खरे, पण खोड दिसलं की वर चढतात. ते महिन्याला छाटत बसायची हौस असेल तरच लावा. घरात चावरं कुत्र्याचं पिल्लू असेल तर तेव्हाही नको, दोन्ही चावल्यास तोंडाची आग करतात.

सावध: दाराला किंवा पायवाटेला लागून दाट झुडपं नकोत. तिथे बुटका स्नेक प्लांट दोन-दोन वितीच्या अंतरानं लावा, जमीन दिसत राहील. सापाची भीती अनाठायी असो-नसो, रात्री पाय कुठे पडतोय हे दिसायला हवं.

## टप्पा ६: किती रोपं, आणि पिशवीतला दगड

१०० चौरस फुटांना एक-एक फुटावर १०० रोपं लागतात, नऊ इंचांवर साधारण १७८, सहा इंचांवर ४००. स्पायडर प्लांट फुटाला एक, ऱ्हिओ आणि बुटका स्नेक प्लांट नऊ इंचांवर, मोंडो ग्रास सहा इंचांपेक्षा लांब नको. आकडा बघून घाबरलात तर अर्धीच जागा लावा. सगळी जागा विरळ लावण्यापेक्षा अर्धी दाट लावलेली बरी. मधल्या उघड्या जमिनीत तण येतं आणि ओल उडते. स्पायडर प्लांटची पिल्लं पुढच्या वर्षी उरलेली अर्धी भरतात.

आता पिशवी फाडा. आत बहुतेकदा लाल मातीचा घट्ट गोळा असतो. हा गोळा तसाच पुरला तर महिन्याभरात विटेसारखा होतो. बाहेरची माती ओली राहते आणि रोप गोळ्याच्या आत तहानेनं मरतं. मेलेली रोपं उपटून बघा, मुळं गोळ्याबाहेर आलेलीच नसतात. म्हणून लावण्याआधी गोळा अर्धा तास बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बोटांनी कडेची माती ढिली करून एक तृतीयांश तरी झडवा. चार मुळं तुटली तरी चालतील. स्नेक प्लांट आणि झीझी मात्र बुडवू नका, नुसती माती झडवा.

नर्सरीतली रोपं हिरव्या जाळीखाली, रोजच्या पाण्यावर वाढलेली असतात. आणल्याबरोबर लावू नका. आठवडाभर नेमलेल्या जागेतच पिशवीसकट ठेवा आणि पाणी दिवसाआड करा.

## टप्पा ७: लागवड, दोन दणदणीत पावसांनंतर

मेमध्ये निरीक्षण केलं म्हणून उत्साहात मेमध्येच लावू नका. वळवाच्या एका सरीला पावसाळा समजू नका. जूनअखेर ते जुलैचा मध्य ही वेळ धरा, जमीन वीतभर ओली झाल्यावर. कोकणात स्नेक प्लांटसारखी जाड पानांची झाडं जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात कुजतात. तिथे ती सप्टेंबरात लावावीत.

खळगा गोळ्याच्या दीडपट रुंद, पण तेवढाच खोल. रोप पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच पुरायचं, गळा दाबायचा नाही. काळ्या मातीत किंवा पाणी साचणाऱ्या जागी दोन इंच उंचवट्यावर लावा. माती तळव्यानं दाबा, टाचेनं तुडवू नका. मग मधल्या जागेत दोन इंच पालापाचोळा, रोपाच्या बुंध्यापासून चार बोटं लांब. आंब्याचीच पानं चालतात, जरा चुरडून घ्या. अख्खी टाकली तर पत्र्यासारखी एकावर एक बसून पाणी अडवतात.

तपासणी: लावल्यानंतर आठव्या दिवशी रोप हलकेच वर ओढा. सहज निघालं तर माती नीट बसलेली नाही. पुन्हा दाबा.

ओल्या पाचोळ्यात गोगलगायी येतात. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन फिरा, हातमोजा घालून वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. बागेत मीठ पसरू नका, माती खराब होते.

## टप्पा ८: ऑक्टोबर

पावसाळाभर झाडं टवटवीत असतात म्हणून "लागली" असं वाटतं. रोज पाणी मिळाल्यामुळे त्यांची मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच असतात. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, ऊन चढतं आणि वरचा आंबा पावसाळ्यात वाढवलेल्या मुळांनी उरलेली ओल ओढून घेतो. पंधरा दिवसांत वाफा कोरडा होतो. माझे ४९ फर्न याच पंधरवड्यात गेले, तेव्हा आम्ही दिवाळीच्या खरेदीत होतो.

पहिल्या वर्षीचं वेळापत्रक असं ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवड्यातून दोनदा. डिसेंबर-जानेवारी एकदा. फेब्रुवारी ते मे दर तीन-चार दिवसांनी. प्रत्येक वेळी १० चौरस फुटांना एक मोठी बादली, १५ ते २० लिटर, हळूहळू. रोज तांब्याभर शिंपडणं सगळ्यात वाईट. त्यानं मुळं वरच राहतात. स्नेक प्लांट आणि झीझीला यातलं अर्धंही पुरतं, हिवाळ्यात महिन्याला एकदा. दुसऱ्या वर्षापासून सगळ्यांचं पाणी निम्म्यावर आणा.

तपासणी: पाणी दिल्यावर दोन तासांनी बोट पूर्ण घाला. टोकाला ओल लागली नाही तर पाणी खाली उतरलेलं नाही. चौथा टप्पा पुन्हा वाचा.

स्पायडर प्लांटच्या पानांची टोकं करडी झाली तर लगेच पाणी वाढवू नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानंही टोकं जळतात. आधी बोट घाला, मग ठरवा. स्नेक प्लांटचं पान बुंध्याशी मऊ पडून आडवं झालं असेल तर ते पाणी जास्त झाल्याचं लक्षण आहे. ते पान ओढून काढा आणि महिनाभर पाणी बंद.

## टप्पा ९: मोहर, चिकटा आणि पानगळ

आंब्याला मोहर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. लोकांना वाटतं रोपालाच रोग लागला, आणि ते औषध मारतात. रोपाला काही झालेलं नसतं. आठवड्यातून एकदा पानांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, स्नेक प्लांट फडक्यानं पुसून घ्या. फर्नची बारीक पानं अशी धुऊन निघत नाहीत, म्हणून आंब्याच्या मधल्या पट्ट्यात मी फर्नला जागा देत नाही.

गळणारी पानं खराट्यानं झाडून जाळण्याची सवय सोडा. तोच तुमचा पुढचा थर आहे. मात्र मोंडो ग्राससारखी बुटकी झाडं पानांच्या ढिगाखाली पिवळी पडतात. तेवढ्याच जागेवरची पानं हातानं उचलून मधल्या मोकळ्या जागेत टाका. झाडून घ्यायला बाई किंवा माळी येत असेल तर त्यांना प्रत्यक्ष उभं राहून दाखवा. आमच्याकडे हे तीनदा सांगूनही एका सकाळी अख्खा थर घंटागाडीत गेला होता.

मेमध्ये पुन्हा मोजणी करा. दहातली सात रोपं जिवंत असतील तर निवड बरोबर आहे, उरलेल्या खळग्यांत जुलैत स्पायडर प्लांटची पिल्लं लावून टाका. चारच उरली असतील तर तीच जात पुन्हा आणू नका. मेलेल्यांपैकी एक उपटून मुळं बघा: सुकलेली असतील तर आठवा टप्पा चुकला, काळी आणि मऊ असतील तर दुसरा, आणि गोळ्यातून बाहेरच आली नसतील तर सहावा.